अवघड इंग्रजी शब्द कसे शिकावेत? सोलापूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

इंग्रजी शब्दसंग्रहाबद्दल सोलापूर शहरातून आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत कॉलेजची मुलं आहेत, स्पर्धा परीक्षावाले आहेत, एमआयडीसीतल्या ऑफिसांत काम करणारे आहेत आणि मुलांचा अभ्यास घेणारे आईवडीलही आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. एकच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही. जिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे तिथे जाऊन वाचावं. शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यांचं स्पेलिंग डिक्शनरीत शोधून वहीत स्वतःच्या हाताने लिहा, त्यातच निम्मा अभ्यास होतो.

१. मॅडम, ॲडव्हान्स्ड शब्द म्हणजे नेमके कोणते? लांबलचक असतात ते का?

लांबीचा काही संबंध नाही. 'रेफ्रिजरेटर' लांब आहे, पण तो चौथीच्या पोरालाही माहीत असतो. 'सटल' जेमतेम सहा अक्षरी स्पेलिंगचा शब्द, तरी नीट वापरायला भलेभले अडखळतात.

मोजमाप हवं असेल तर युरोपात ठरलेल्या सहा पायऱ्या बघा: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. ए-वन सगळ्यांत सोपी, सी-टू सगळ्यांत वरची. ऑक्सफर्डच्या ३००० शब्दांच्या यादीत ए-वनपासून बी-टूपर्यंतचे शब्द आहेत. ऑक्सफर्ड ५००० या यादीत बी-टू आणि सी-वनच्या २००० शब्दांची भर आहे. आपण 'अवघड' म्हणतो ते साधारण या वाढीव दोन हजारांत आणि त्यांच्या पुढे सापडतात. दोन्ही याद्या नेटवर फुकट मिळतात.

कॉलेजची पुस्तकं इंग्रजीतून वाचणाऱ्यांसाठी आणखी एक यादी फार कामाची आहे. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली ॲकॅडमिक वर्ड लिस्ट. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत. कुटुंब म्हणजे 'ॲनलाइज', 'ॲनालिसिस', 'ॲनालिटिकल' अशी एकाच घरातली मंडळी. अभ्यासाच्या पुस्तकात साधारण दर दहा शब्दांतला एक या यादीतला असतो. इंजिनिअरिंग असो की कॉमर्स, शाखा कुठलीही असली तरी ही यादी उपयोगी पडते.

२. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. थेट अवघड शब्दांना हात घालू का?

आधी पाया तपासा. इंग्रजी पेपरचा एखादा परिच्छेद घ्या, शंभर शब्द मोजा आणि अजिबात माहीत नसलेल्या शब्दांखाली रेघ मारा. दोन-तीन निघाले तर खुशाल पुढे जा. दहा-बारा निघाले तर अजून ऑक्सफर्ड ३००० मधलेच शब्द बाकी आहेत, ते आधी उरका. पाया कच्चा असताना 'क्विंटेसेन्शियल' पाठ करून उपयोग नाही, कारण तो ज्या वाक्यात येतो ते वाक्यच कळत नाही.

मराठी माध्यमाचा कमीपणा मात्र मनातून काढून टाका. ज्याची स्वतःची भाषा पक्की आहे त्याला अर्थाच्या छटा लवकर कळतात. याचा प्रत्यय प्रश्न ७ मध्ये येईल.

३. रोज किती शब्द पाठ करावेत? यूट्यूबवर रोज पन्नास सांगतात.

पाच ते सात. रोज पन्नास लक्षात राहतात ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच.

भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांचा २००६ सालचा अंदाज असा आहे की, इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र अडखळल्याशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. आकडा मोठा वाटतो, पण त्यातली बरीच शाळेतच झालेली असतात. उरलेली रोज पाच-सातच्या चालीने दोन-तीन वर्षांत गाठता येतात, तीही नीट, वापरण्याजोगी. घाई कशासाठी?

४. पाठ केलेले शब्द आठवड्यात उडून जातात. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?

नाही. सगळ्यांचे उडतात. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली हेच दाखवलं: पाठ केलेल्या गोष्टीतला मोठा भाग पहिल्या काही तासांतच जातो, नंतर गळती मंदावते. म्हणून उजळणी पहिल्या दिवशीच हवी, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. अंतर वाढवत न्यायचं.

याचीच घरगुती सोय म्हणजे लाइटनर पेटी. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने ती १९७० च्या दशकात लोकप्रिय केली. बुटाचा खोका घ्या, त्यात पाच कप्पे करा. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि वाक्य. पहिला कप्पा रोज बघायचा. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की ते कितव्याही कप्प्यात असो, परत पहिल्यात. पुढचे कप्पे क्रमाने उशिरा उशिरा बघायचे. मोबाईलवर हेच काम अंकी नावाचं ॲप करतं. अँड्रॉइडवर ते फुकट आहे.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळा. कार्ड उलटण्याआधी अर्थ आठवायचा, चार-पाच सेकंद डोकं ताणायचं. नुसतं वाचत गेलं की सगळं येतंय असं वाटतं आणि परीक्षेत पाटी कोरी. आठवण्याच्या त्या ताणानेच शब्द पक्का होतो.

५. वहीत शब्द आणि समोर मराठी अर्थ लिहितो. तेवढं पुरत नाही का?

ओळखण्यापुरतं पुरतं. वापरण्यासाठी पुरत नाही. 'रिलक्टंट' घ्या. बहुतेक वह्यांत समोर 'नाखूश' लिहिलेलं असतं. मग मुलं लिहितात, 'आज निकाल लागला, मी रिलक्टंट आहे.' हे चुकलं. निकालावर नाखूश असणं वेगळं. रिलक्टंट माणसासमोर काहीतरी करायचं असतं आणि तो कां-कूं करत असतो.

म्हणून एका शब्दाला वहीचं निदान अर्धं पान द्या. रिलक्टंटच्या पानावर काय काय हवं ते सांगते. वर स्पेलिंग आणि उच्चार, जोर 'लक्'वर. मग अर्थ, एका शब्दात नाही, वाक्यात: करायची इच्छा नसणं, कां-कूं करणं. त्याच्या मागे काय येतं तेही लिहा: 'टू' आणि क्रियापद, जसं रिलक्टंट टू लीव्ह, रिलक्टंट टू साइन. त्याचे नातेवाईक: 'रिलक्टन्स' हे नाम, 'रिलक्टंटली' म्हणजे नाइलाजाने. मग जिथे वाचला तिथलं मूळ वाक्य जसंच्या तसं. शेवटी तुमचं स्वतःचं वाक्य, आणि ते तुमच्या घरातलं असू द्या. एका मुलीने लिहिलं होतं: आजी डोळ्यांच्या ऑपरेशनला रिलक्टंट होती, पण शेवटी नातीच्या हट्टापुढे तयार झाली. ते पान ती विसरणं शक्य नाही, कारण त्यात आजी आहे.

प्रत्येक शब्दासाठी इतकं करायला वेळ लागतो, हे खरंच. रोज पाच-सातच शब्द घ्या म्हणते ते त्यामुळेच.

६. डिक्शनरी इंग्रजी-मराठी घेऊ की इंग्रजी-इंग्रजी?

दोन्ही, पण क्रम महत्त्वाचा. आधी इंग्रजी-इंग्रजी, तीही शिकणाऱ्यांसाठी केलेली, म्हणजे लर्नर्स डिक्शनरी. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन अशा सगळ्यांच्या आहेत आणि नेटवर फुकट बघता येतात. त्यांत अर्थ सोप्या ठरावीक शब्दांत देतात, उदाहरणाची वाक्यं देतात, उच्चार ऐकवतात. मग खात्री करायला मराठी अर्थ बघा. उलटं केलंत तर पहिल्याच मराठी शब्दाला मन चिकटतं आणि प्रश्न ५ मधल्या रिलक्टंटसारखी गत होते.

ज्यांना मराठी शब्दांचीच गोडी आहे त्यांनी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश जरूर उघडावा. पहिली आवृत्ती १८३१ ची, वाढवलेली दुसरी १८५७ ची, आणि आता ती नेटवर शोधता येते. आपल्याच बोलीतल्या शब्दाला तिथे चार-चार इंग्रजी शब्द दिलेले सापडतात. त्यातलं इंग्रजी जुनं आहे, तेव्हा लगेच वापरायला घेऊ नका.

७. 'फ्रुगल', 'थ्रिफ्टी', 'स्टिंजी', 'माय्झर्ली' सगळ्यांचा अर्थ एकच ना? मग इतके शब्द कशाला?

मराठीत विचारा. 'काटकसरी' आणि 'कंजूष' एकच का? सासूने सुनेला काटकसरी म्हटलं तर ते कौतुक, कंजूष म्हटलं तर भांडण. फ्रुगल आणि थ्रिफ्टी काटकसरीच्या बाजूचे. स्टिंजी आणि माय्झर्ली कंजुषाच्या बाजूचे, त्यातही माय्झर्ली म्हणजे अगदी चिक्कू, स्वतःवरही खर्च न करणारा.

अशा जोड्या मराठीतून फार छान लागतात. 'चाइल्डलाइक' म्हणजे बालसुलभ, 'चाइल्डिश' म्हणजे पोरकट. 'पर्सिस्टंट' चिकाटीचा, 'ऑब्स्टिनेट' हट्टी. 'फेमस' नामवंत, 'नोटोरिअस' कुप्रसिद्ध. 'कॉन्फिडंट' आत्मविश्वासू, 'ॲरोगंट' मग्रूर. 'प्रोक्रॅस्टिनेट'ला तर आपल्याकडे 'चालढकल' हा अस्सल शब्द तयारच आहे.

सवय अशी लावा: नवा शब्द आला की विचारायचं, हा कुणाला तोंडावर म्हटला तर तो खूश होईल की चिडेल? वहीत त्याच्यापुढे अधिक किंवा उणे चिन्ह करा. वाचन उताऱ्यात लेखकाचा सूर विचारतात तेव्हा हीच चिन्हं कामाला येतात.

८. लॅटिन-ग्रीक रूट्स पाठ केल्याने खरंच फायदा होतो का?

होतो, आणि आपल्याला इतरांपेक्षा जास्त होतो. लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. त्यामुळे बरीच मुळं आपण मराठीतून आधीच ओळखतो, फक्त कुणी दाखवून दिलेलं नसतं.

दंत आठवा आणि 'डेंटल' बघा. नाम आणि 'नॉमिनल', 'नोमेन्क्लेचर'. मध्य आणि 'मीडिअम', 'मीडिएट', 'इंटरमीडिअरी'. नव आणि 'नॉव्हेल', 'नॉव्हिस', 'इनोव्हेट'. मृत आणि 'मॉर्टल', 'इम्मॉर्टल', 'मॉर्च्युअरी'. पाद आणि 'पेडल', 'पेडेस्ट्रिअन'. जन आणि 'जेनेसिस', 'प्रोजेनी'. ज्ञान आणि 'कॉग्निशन', 'डायग्नोसिस', 'ॲग्नॉस्टिक'. युज्, म्हणजे जोडणे, ज्यातून योग आला, आणि 'जंक्शन', 'कॉन्जुगल'. स्था आणि 'स्टेटस', 'स्टेशनरी'. आपण कुर्डुवाडी जंक्शन म्हणतो तेव्हा योगाच्याच नात्यातला शब्द उच्चारत असतो.

संस्कृतात ओळखीचं नातं नसलेली मुळंही शिकावीत. मला सर्वांत आवडतं ते 'ग्रेग', म्हणजे लॅटिनमधला कळप. 'कॉन्ग्रिगेट' म्हणजे एकत्र जमणं. 'सेग्रिगेट' म्हणजे कळपातून वेगळं काढणं; ओला-सुका कचरा वेगळा करा, असं सांगताना हाच शब्द वापरतात. 'ग्रिगेरिअस' म्हणजे माणसांत रमणारा. 'इग्रीजस' म्हणजे कळपातून उठून दिसणारा. पूर्वी हा शब्द थोरांसाठी वापरत. आज त्याचा अर्थ फक्त वाईटपणे उठून दिसणारा, ढळढळीत, असा उरला आहे: इग्रीजस एरर, ढळढळीत चूक. एक मूळ कळलं की चार शब्द हाताशी येतात, शिवाय ते एकमेकांची आठवणही करून देतात.

९. रूटवरून अर्थ काढला आणि साफ चुकला. असं का झालं?

कारण मुळावरून फक्त अंदाज येतो, खात्री डिक्शनरीतच होते. काही ठिकाणी हमखास पाय घसरतो.

'इनव्हॅल्युएबल'. 'इन' लागला म्हणजे उलट, म्हणून कवडीमोल? नाही, अमूल्य. आपल्या 'अमूल्य'मध्येही 'अ' आहेच, तरी आपण त्याला बिनकिमतीचा समजत नाही. ज्याची किंमतच करता येत नाही तो. दोन्हीकडे गणित तेच.

'इन्फ्लेमेबल'. हायवेवरच्या पेट्रोल टँकरच्या मागे लिहिलेलं असतं. तो 'न जळणारा' असा अर्थ घेतलात तर जीवावर बेतेल. इथला 'इन' नकाराचा नाही. शब्द 'इन्फ्लेम', म्हणजे पेटवणे, यावरून आला आहे. 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' यांचा अर्थ एकच: भडकन पेट घेणारा.

'पेड' दोन आहेत. पेडेस्ट्रिअनमधला लॅटिन, पायाचा. 'पेडिॲट्रिक', 'पेडॅगॉजी'मधला ग्रीक, मुलाचा. शिवाय पेडेस्ट्रिअन हा विशेषण म्हणून आला, उदाहरणार्थ पेडेस्ट्रिअन स्पीच, तर रटाळ, सामान्य भाषण. त्यात चालणं कुठेच नाही.

१०. शब्द बरोबर, व्याकरण बरोबर, तरी शिक्षक म्हणतात 'असं म्हणत नाहीत'. हे काय प्रकरण आहे?

हे शब्दांच्या संगतीचं प्रकरण, आणि माझ्या मते अवघड शब्दांतला सगळ्यांत मोठा अडथळा हाच. मराठीत चहा कडक असतो, ऊनही कडक असतं आणि शिस्तही कडक असते. इंग्रजीत तिघांना तीन वेगळे शब्द लागतात: स्ट्राँग टी, स्कॉर्चिंग हीट, स्ट्रिक्ट डिसिप्लिन. पाऊस आपल्याकडे जोराचा, तिकडे 'हेवी'. आपण परीक्षा देतो म्हणून 'गिव्ह ॲन एक्झाम' म्हणतो. तिकडे विद्यार्थी एक्झाम 'टेक' करतो किंवा तिला 'सिट' करतो.

अवघड शब्द तर संगतीबाबत जास्तच हट्टी असतात. 'मिटिगेट' म्हणजे तीव्रता कमी करणं, आणि तो रिस्क, इम्पॅक्ट, इफेक्ट यांच्यासोबत चालतो. 'मिटिगेट अगेन्स्ट' हे चूक. 'अगेन्स्ट' लागतो तो 'मिलिटेट'ला, म्हणजे विरोधात काम करणं. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको. 'एम्फसाइझ'पुढे 'ऑन' नको, मात्र 'एम्फसिस' या नामापुढे हवा. 'कोप'पुढे फक्त 'विथ', मधे 'अप' घालायचं नाही. 'डिस्पाइट'पुढे 'ऑफ' नाही.

यावर नियम नाही, सवयच लागते. म्हणून सुटा शब्द कधीच लिहू नका. वहीत 'मिटिगेट' न लिहिता 'मिटिगेट द रिस्क' असा जोडीनेच लिहा.

११. वाचून शब्द कळतो, पण उच्चार चारचौघांत चुकतो. उपाय?

डिक्शनरीतलं स्पीकरचं चिन्ह दाबा आणि शब्द शिकतानाच तीनदा मोठ्याने म्हणा. मराठीत जसं लिहितो तसं वाचतो, ती सवय इंग्रजीत दगा देते. हमखास चुकणारे हे घ्या: 'एपिटमी', एपिटोम नाही. 'हायपर्बली', हायपरबोल नाही. 'डेब्री', शेवटचा एस गप्प. 'सटल', बी गप्प. 'इन्डाइट', सी गप्प. 'फसाड', फकेड नाही. 'अराय', ऑरी नाही. 'मिसलेड' हे 'मिसलीड'चं भूतकाळी रूप, त्याला मायझल्ड वाचू नका.

दुसरं म्हणजे जोर. 'फोटोग्राफ'मध्ये तो सुरुवातीला, 'फोटोग्राफी'मध्ये 'टॉ'वर, 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रा'वर. मराठीत असा जोर सरकत नाही, म्हणून कानाला सवय नसते. ऐकण्याला पर्याय नाही.

१२. आमच्या घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठी, मित्रांत हिंदी. चौथी भाषा म्हणून इंग्रजी जड जाणारच ना?

उलट. सोलापूरच्या पूर्व भागातली कितीतरी मुलं दुकानात कन्नड, घरात तेलुगू आणि वर्गात मराठी अशी दिवसभर भाषा बदलत असतात. एका वस्तूला चार नावं असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते, हे त्यांना शिकवावं लागत नाही. प्रश्न ८ मधली दंत, नाम, मध्य ही मुळं तेलुगू-कन्नडमध्येही संस्कृतातून आलेली आहेत, तेव्हा ती युक्ती तुम्हालाही तितकीच लागू.

उच्चारात घरच्या भाषेचा थोडा रंग उतरतो, त्याकडे लक्ष द्या. तेलुगू-कन्नड बोलणाऱ्यांच्या तोंडी 'ओन्ली'च्या आधी 'व' आणि 'एक्झाम'च्या आधी 'य' येतो. उर्दूभाषक घरात 'स्कूल'च्या आधी 'इ' येतो. आम्हा मराठी बोलणाऱ्यांचा 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' एकच होतो. प्रत्येकाने आपापला एक आवाज सुधारला तरी पुष्कळ फरक पडतो.

१३. कुठल्या परीक्षेला किती अवघड शब्द लागतात?

परीक्षेप्रमाणे जमीन-अस्मानाचा फरक आहे.

यूपीएससी मुख्य परीक्षेतला सक्तीचा इंग्रजी पेपर ३०० गुणांचा, पण फक्त पात्रतेचा. २५ टक्के मिळाले की झालं, गुणवत्ता यादीत ते धरत नाहीत. निबंध, सारांश, उतारा. तिथे साधं, शुद्ध इंग्रजी पुरतं, दुर्मीळ शब्दांमागे वेळ घालवू नका.

बँकेच्या परीक्षांत गाळलेल्या जागा आणि क्लोझ टेस्ट, म्हणजे जागोजागी शब्द गाळलेला सलग उतारा, असतात. तिथे अर्थाइतकीच संगत तपासतात, म्हणजे प्रश्न १०.

आयईएलटीएस या परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेत लेखन आणि बोलणं या दोन्हींत शब्दसंपत्तीला पाव हिस्सा गुण आहेत. परीक्षक कमी वापरातले शब्द बघतात, पण ते नेमक्या जागी आहेत का हेही बघतात. जड शब्द चुकीच्या जागी टाकला तर नुकसानच होतं.

खऱ्या अर्थाने दुर्मीळ शब्द लागतात ते जीआरईला, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेला. 'लॅकॉनिक' म्हणजे मोजकं बोलणारा, 'ऑब्सिक्विअस' म्हणजे लाळघोटा, असे. सेंटेन्स इक्विव्हॅलन्स प्रकारात सहा पर्यायांतून दोन असे निवडायचे की दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखा होईल. प्रश्न ७ मधली अधिक-उणे चिन्हं इथे सोन्यासारखी उपयोगी पडतात.

१४. मी टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात आहे. परीक्षा नाही, पण परदेशी ईमेल वाचताना घाम फुटतो. मी कोणते शब्द शिकू?

हा प्रश्न आला की मला फार आनंद होतो, कारण इथे शब्द शिकला की त्याच दिवशी कामाला येतो.

यादी बाहेरून आणू नका. मागच्या काही महिन्यांतल्या ईमेल उघडा आणि अडलेले शब्द तिथूनच काढा. बहुधा हे निघतील. 'कन्साइनमेंट', पाठवलेला माल. 'टेंटेटिव्ह', तूर्तास ठरलेलं, बदलू शकणारं. 'एक्सपिडाइट', काम लवकर हलवणं. 'रेक्टिफाय', चूक दुरुस्त करणं. 'डेम्युरेज', माल किंवा जहाज ठरल्यापेक्षा जास्त वेळ अडून राहिलं की लागणारा आकार. आणि 'डिस्क्रेपन्सी'. लेटर ऑफ क्रेडिटच्या, म्हणजे बँकेने पैशांची हमी दिलेल्या, व्यवहारात बँक कागदपत्रं अटींशी ताडून बघते. इनव्हॉइसवर एक लिहिलंय, बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर, दुसरं, ही तफावत म्हणजे डिस्क्रेपन्सी, आणि तिच्यामुळे पैसे अडकतात. 'मिस्टेक' म्हणून चालत नाही. मिस्टेक एका कागदातही असते, डिस्क्रेपन्सीला दोन कागद लागतात.

एक शब्द मुद्दाम सांगते: 'कलर फास्ट'. बायर विचारतो, टॉवेल कलर फास्ट आहे का? इथे 'फास्ट' म्हणजे वेगवान नाही, पक्का. धुतला तरी न जाणारा रंग. 'फास्ट'चा हा जुना अर्थ 'फास्ट अस्लीप', म्हणजे गाढ झोपेत, आणि 'होल्ड फास्ट', म्हणजे घट्ट धरून राहा, यांतही आहे. 'फास्टन', म्हणजे घट्ट बांधणे, तोही याच्याच घरातला. चादरीच्या दुकानात 'रंग पक्का आहे का?' विचारणारं सोलापूर हा अर्थ पटकन लक्षात ठेवतं.

१५. मुलाखतीत मोठे शब्द वापरले की छाप पडते का?

नाही. समोरच्याला तुमचं म्हणणं कळलं तर छाप पडते. 'यूज' चालत असताना 'युटिलाइझ' नको. अवघड शब्द तेव्हाच काढा जेव्हा तो चार शब्दांचं काम एकटा करतो.

१६. सारखे दिसणारे शब्द नेहमी गडबडतात. पाठ कसे करायचे?

जोडीने पाठ करू नका, त्याने गोंधळ वाढतो. आधी एक पक्का करा, काही दिवसांनी दुसरा घ्या.

आपल्या शहरात १९३० च्या मार्शल लॉचं नाव लहानपणापासून कानावर असतं. त्यातला 'मार्शल' रोमन युद्धदेव मार्स याच्यावरून आला, म्हणजे लष्करी. स्पेलिंगमध्ये आय जरा अलीकडे सरकला की 'मॅरिटल' होतो, वैवाहिक. अर्जात 'मॅरिटल स्टेटस'च्या जागी मार्शल स्टेटस लिहिलेलं पुष्कळदा दिसतं. तिसरा 'मार्शल' म्हणजे अधिकारी, एअर मार्शलमधला. उच्चार तोच, पण स्पेलिंग वेगळं आणि मूळही वेगळं. तो जुन्या जर्मॅनिक भाषेतल्या घोडे सांभाळणाऱ्या सेवकावरून आला.

आणखी काही थोडक्यात. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे रस नसलेला, 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे निःपक्षपाती. न्यायाधीश दुसरा हवा, पहिला नको. 'इन्जिनिअस' कल्पक, 'इन्जेन्युअस' भोळा. 'एलिसिट' म्हणजे काढून घेणं, उत्तर वगैरे; 'इलिसिट' म्हणजे बेकायदा.

१७. एकाच शब्दाचे दोन उलट अर्थ डिक्शनरीत दिसतात. छपाईची चूक आहे का?

चूक नाही, असे शब्द खरंच आहेत. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी: लोन सँक्शन झालं. आणि सँक्शन म्हणजे दंडात्मक निर्बंध: एका देशाने दुसऱ्यावर लादलेले सँक्शन्स. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, आणि ओव्हरसाइट म्हणजे नजरचूकही. अर्थ शेजारच्या शब्दांवरून ठरतो. 'ऑन' आला, सँक्शन्स ऑन अमुक देश, की निर्बंध. 'ड्यू टू ॲन ओव्हरसाइट' आलं की नजरचूक. पुन्हा प्रश्न १० कडेच येतो आपण.

१८. वाचायचं काय, आणि सोलापुरात पुस्तकं कुठे मिळतील?

रोज एक अग्रलेख, तोही पूर्ण. सोबत आवडीच्या विषयावरचं काहीही: क्रिकेट, स्वयंपाक, शेअर बाजार. आवडीचा विषय असला की तोच शब्द आठवड्यात तीन-चार वेळा आपोआप भेटतो. पुस्तकांसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं वाचनालय शहरात आहे, कॉलेजची ग्रंथालयं आहेत, सभासद व्हा. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाता-येताना चार-चार तास मिळतात, त्या वेळात मोबाईल बाजूला ठेवून वाचता येतं. वाचताना प्रत्येक शब्दाला थांबू नका. पानावर दोनदा आलेला किंवा ज्याच्यावाचून वाक्यच अडतं असा शब्द तेवढा शोधा.

१९. 'प्रिपोन' चूक आहे म्हणतात. भारतीय इंग्रजीतले शब्द वापरायचे की नाहीत?

'प्रिपोन' ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, भारतीय वापर अशी नोंद करून. भारतात बिनधास्त वापरा. परदेशी माणसाला लिहिताना 'मूव्ह फॉरवर्ड' किंवा 'ब्रिंग फॉरवर्ड' बरं, कारण त्याला प्रिपोन बहुधा कळणार नाही.

काही शब्दांत मात्र गैरसमज होऊ शकतो. 'आय पास्ड आउट इन २०१९' याचा अर्थ ब्रिटिश-अमेरिकन कानाला २०१९ साली बेशुद्ध पडलो असा लागतो, 'ग्रॅज्युएटेड' लिहा. 'रिव्हर्ट' आपण 'उत्तर द्या' म्हणून वापरतो, त्याचा मूळ अर्थ पूर्वस्थितीला येणं, 'रिप्लाय' लिहा. 'टेबल' हे क्रियापद तर इंग्रज-अमेरिकनांतही उलटं आहे. ब्रिटनमध्ये ठराव टेबल करणं म्हणजे चर्चेला मांडणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. आपल्या संसदेत आणि विधिमंडळात ब्रिटिश अर्थ चालतो. अमेरिकन बायरला मीटिंगबद्दल लिहिताना हा शब्द टाळा आणि 'डिस्कस' किंवा 'पोस्टपोन' यांतला जो अभिप्रेत असेल तो सरळ लिहा.